जुनी बॉक्स्टर किंवा ९११ घेताना: आयएमएस बेअरिंगचं काय करायचं?

पोर्श बॉक्स्टर ९८६ आणि ९११ ची ९९६ ही पिढी आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात तिच्या नावाच्या मानाने स्वस्त मिळते. भाव पाडणाऱ्या गोष्टी दोन-तीन आहेत, पण सगळ्यात मोठा वाटा एका बेअरिंगचा. इंटरमिजिएट शाफ्ट बेअरिंग, म्हणजेच आयएमएस. जेमतेम ४७ मिलिमीटर व्यासाचा हा भाग फुटला की बहुतेक वेळा अख्खं इंजिन जातं. भारतात या गाड्या मोजक्या आहेत आणि तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करायला सर्वसाधारणपणे परवानगी नाही, त्यामुळे हा प्रश्न जास्त करून अमेरिका, ब्रिटन, आखात किंवा ऑस्ट्रेलियात राहून अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यांचा आहे.

या बेअरिंगबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे "या गाडीला हातच लावू नका", दुसरं म्हणजे "इंटरनेटवरचा बागुलबुवा आहे". दोन्ही निकामी. हे बेअरिंग क्लच प्लेटसारखं ठरावीक काळाने बदलायचा भाग आहे असं धरून चाला. फक्त बदलण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात: तुमच्या इंजिनात नेमकं कोणतं बेअरिंग आहे, आणि त्याने आधीच धातू सोडायला सुरुवात केली आहे का.

बिघाड नेमका कुठे होतो

एम९६ आणि एम९७ या सहा सिलिंडरच्या आडव्या इंजिनांत क्रँकशाफ्ट कॅमशाफ्टना थेट फिरवत नाही. क्रँकवरून एक चेन खालच्या इंटरमिजिएट शाफ्टला फिरवते, आणि त्या शाफ्टच्या दोन टोकांवरून दोन बाजूंच्या कॅमशाफ्टकडे चेन जातात. ऑइल पंपही याच शाफ्टवर चालतो. शाफ्टचं पुलीकडचं टोक ऑइल पंपाच्या घरात साध्या बुश-पद्धतीच्या बेअरिंगवर फिरतं, ते सहसा त्रास देत नाही. फ्लायव्हीलकडच्या टोकाला मात्र बॉल बेअरिंग बसवलेलं आहे, दोन्ही बाजूंनी रबरी सील लावलेलं आणि आत ग्रीस भरलेलं.

गोम त्या सीलमध्ये आहे. इंजिन बंद असताना हा भाग ऑइलमध्ये किंवा ऑइलच्या अगदी जवळ असतो. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन सील कडक होतात, ऑइल आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन नेतं. आत गेलेलं ऑइल तिथेच अडकतं. बाहेरचं ऑइल तुम्ही कितीही बदला, सीलच्या आतलं तेच राहतं, पेट्रोलचा अंश, पाणी आणि आम्लं साठवत. मग गोळ्यांना पुरेसा ऑइलचा थर मिळत नाही, गोळ्यांवर आणि रिंगच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात, पिंजरा तुटतो, मधला बोल्ट मोडतो आणि शाफ्ट डगमगायला लागतो. चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तोवर लोखंडी चुरा ऑइलबरोबर इंजिनभर पोचलेला असतो.

कमी आरपीएमवर रेटत चालवलेल्या, जवळच्या जवळ फिरवलेल्या आणि महिनोन्महिने गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या गाड्यांना हा धोका जास्त. म्हणून कमी किलोमीटर झालेली, जपून ठेवलेली बॉक्स्टर पाहून हुरळून जाऊ नका. नियमित चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली दीड लाख किलोमीटरची गाडी या बाबतीत अनेकदा जास्त भरवशाची निघते.

कोणत्या गाडीत कोणतं बेअरिंग

सगळ्या पोर्शना हा त्रास नाही. ९९६ च्या आणि तिच्या पुढच्या ९९७ पिढीच्या टर्बो (९९७ टर्बोत २००९ पर्यंत), जीटी२ आणि जीटी३ मध्ये मेत्स्गर हे वेगळ्या रचनेचं इंजिन आहे. त्यात इंटरमिजिएट शाफ्ट आहे, पण तो दाबाने ऑइल मिळणाऱ्या साध्या बेअरिंगवर चालतो. २००९ मॉडेल वर्षापासून आलेल्या नव्या इंजिनांत हा शाफ्टच काढून टाकला. उरल्या १९९७ ते २००८ च्या बॉक्स्टर, २००६ ते २००८ च्या केमन आणि साध्या ९११ करेरा. त्यांत तीन प्रकार आहेत.

पहिला, दुहेरी रांगेचं बेअरिंग. सुरुवातीपासून साधारण २००० पर्यंत, काही गाड्यांत २००१ पर्यंतही. यात गोळ्यांच्या दोन रांगा असल्याने भार वाटला जातो आणि फुटण्याचं प्रमाण फार कमी असतं.

दुसरा, एकेरी रांगेचं ६२०४ मापाचं बेअरिंग: २० मिलिमीटर आतला व्यास, ४७ बाहेरचा, १४ रुंदी. २००० ते २००५ दरम्यानच्या गाड्यांत हे येतं, आणि बदनामी झाली ती याचीच. अमेरिकेत या बेअरिंगवरून मालकांनी पोर्शच्या अमेरिकन कंपनीवर सामूहिक दावा लावला. २०१३ मध्ये २००१ ते २००५ च्या ठरावीक गाड्यांपुरती तडजोड झाली. त्या प्रकरणातून पुढे आलेले आणि तेव्हापासून सगळीकडे सांगितले जाणारे आकडे म्हणजे एकेरी रांगेसाठी सुमारे ८ टक्के आणि दुहेरीसाठी सुमारे १ टक्का. बारापैकी अकरा गाड्या सुखरूप, असं म्हणता येईल. पण बारावीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा असतो.

तिसरा, २००६ ते २००८ चं मोठं बेअरिंग, ६३०५ मापाचं, बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. हे बऱ्यापैकी दणकट. अडचण एवढीच की ते इंजिनच्या केसमधल्या भोकापेक्षा मोठं आहे, त्यामुळे इंजिनचे दोन भाग उघडल्याशिवाय बाहेर येत नाही. २००५ च्या गाड्यांत लहान किंवा मोठं, दोन्हींपैकी काहीही निघू शकतं.

२०००-०१ च्या संधिकाळात इंजिन नंबर उपयोगी पडतो. २.७ लिटर एम९६/२२ मध्ये ६५१ १२८५१ पर्यंत, ३.२ लिटर एम९६/२१ मध्ये ६७१ ११२३७ पर्यंत आणि ३.४ लिटर एम९६/०४ मध्ये ६६१ १४१६४ पर्यंत दुहेरी रांग धरली जाते. पण नंबरात 'एटी' किंवा 'एक्स' अक्षरं असतील तर ते कंपनीने नंतर बदलून दिलेलं इंजिन आहे. बदलाच्या वेळी जे बेअरिंग चालू होतं ते त्यात असणार, गाडीचं मॉडेल वर्ष मग काही सांगत नाही. १९९९ च्या गाडीतही एकेरी रांग निघते ती अशी.

डोळ्यांनी खात्री करायची तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावंच लागतं. फ्लायव्हीलमागे क्रँकच्या सीलखाली तीन बोल्टांचं एक गोल झाकण दिसतं. त्याच्या मधोमध १३ मिलिमीटरचा नट असेल तर लहान बेअरिंग, २२ चा असेल तर मोठं. दुहेरी की एकेरी हे झाकण काढल्यावर कळतं.

घेण्याआधीची तपासणी

"आयएमएस केलंय" एवढ्या तोंडी वाक्याची किंमत शून्य. बिल मागा. बिलावर किटचं नाव, तारीख, तेव्हाचं ओडोमीटर आणि काम करणाऱ्या गॅरेजचं नाव हवं. काही किटना ठरावीक वर्षांची किंवा मैलांची मुदत असते. दहा वर्षांपूर्वी बसवलेलं बदली बेअरिंगही पुन्हा बदलायला आलेलं असू शकतं, हे बहुतेक विक्रेते सांगत नाहीत आणि बहुतेक घेणारे विचारत नाहीत.

कागद नसतील तर विक्रेत्याच्या परवानगीने ऑइल फिल्टर उघडा. गाडीखालची फिल्टरची टोपी ७४ मिलिमीटरच्या कप पान्ह्याने निघते. टोपीत कपभर ऑइल उरतं, ते ओतून देऊ नका. पांढऱ्या ट्रेमध्ये काढून उन्हात हलवून बघा. मग फिल्टरचा कागद धारदार सुरीने कापून घड्या उलगडा, दाबून ऑइल निथळवा आणि एकेक घडी तपासा. करवत वापरू नका, तिचाच चुरा आत पडतो.

काय दिसलं तर काय समजायचं? तपकिरी किंवा मातकट प्लास्टिकचे कण चेन ज्यांवरून घसरते त्या पट्ट्यांचे असतात. जुन्या पाच चेनच्या इंजिनांत थोडेफार चालतात, जास्त असतील तर पट्ट्या झिजल्या आहेत. काळ्या रबराचे पातळ तुकडे दिसले तर कान टवकारा, ते बेअरिंगच्या सीलचे असू शकतात. चकाकणारे धातूचे कण दिसले तर छोटं लोहचुंबक कागदाखालून फिरवा. चुंबकाला न चिकटणारे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, त्यांचा उगम वेगळा शोधावा लागतो. चुंबकाकडे धावणाऱ्या लोखंडी कपच्या म्हणजे बेअरिंग फुटायला लागल्याचं लक्षण. ड्रेन प्लग चुंबकाचा असेल तर त्यावर राखेसारखा बारीक काळा लेप नेहमीच असतो, त्याने घाबरू नका. सुईसारखे किंवा पापुद्र्यासारखे तुकडे ही वेगळी गोष्ट.

शक्य असेल तर ऑइल पॅनची तळाची प्लेटही उतरवायला लावा. जड तुकडे फिल्टरपर्यंत पोचत नाहीत, तिथेच बसतात. शिवाय या इंजिनाच्या फिल्टरच्या घरात बायपास व्हॉल्व्ह आहे. ऑइल घट्ट असताना किंवा फिल्टर तुंबल्यावर ऑइल न गाळताच पुढे जातं, तेव्हा स्वच्छ फिल्टर म्हणजे स्वच्छ इंजिन असं समीकरण मांडता येत नाही.

दुसरी तपासणी संगणकाची. पोर्शच्या गाड्या वाचणारं उपकरण, उदाहरणार्थ ड्युरामेट्रिक, लावून इंजिन पूर्ण गरम असताना आयडलवर दोन्ही बाजूंचं कॅमशाफ्ट डेव्हिएशन, म्हणजे कॅमशाफ्ट असायला हवा त्या जागेपासून किती सरकला आहे ते, वाचा. उणे ६ ते अधिक ६ अंशांच्या आत आणि स्थिर हवं. आकडा मर्यादेजवळ असेल किंवा सतत नाचत असेल तर चेन, पट्ट्या किंवा शाफ्टमध्ये ढिलाई आहे. बेअरिंग बदलून ती जाणार नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल गळत असेल तर लगेच "आयएमएस गेलं" म्हणू नका. तिथे क्रँकचं मागचं सील आणि आयएमएसचं झाकण अशी दोन गळतीची ठिकाणं आहेत. सुरू करताना एक-दोन सेकंद येणारी खडखड बहुधा टेन्शनरमधून (चेन ताणून धरणाऱ्या भागातून) ऑइल उतरल्यामुळे असते. गरम इंजिनातून न थांबता येणारा धातू घासल्याचा आवाज आला तर मात्र किल्ली फिरवून इंजिन बंद करा आणि गाडी ट्रकवर घाला. खरं सांगायचं तर अनेक बेअरिंगं आवाज न करताच जातात, म्हणून कानापेक्षा फिल्टरवर विश्वास ठेवा.

याच भेटीत स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती बघून घ्या, विशेषतः ३.४, ३.६ आणि ३.८ लिटरच्या गाड्यांत सहाव्या सिलिंडरची. भिंतींवर उभे ओरखडे पडलेल्या इंजिनात नवं बेअरिंग बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

कोणतं किट निवडावं

बाजारात मुख्य तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सुधारित बॉल बेअरिंग: एलएन इंजिनिअरिंगची सिरॅमिक गोळ्यांची किटं यात जास्त चालतात. गोळ्या सिरॅमिकच्या, रिंगा पोलादाच्या, आणि इंजिनकडच्या बाजूला सील नसल्याने इंजिनचं ऑइल आत-बाहेर खेळत राहतं. एकेरी रांगेच्या शाफ्टमध्ये दोन रांगांचं बेअरिंग बसवता येईल असाही प्रकार त्यांच्याकडे आहे, आणि एकेरीवाल्यांनी घ्यायचा तर तोच घ्यावा. दुसरा मार्ग सिलिंडरसारख्या रोलरच्या बेअरिंगचा. रोलर भार उत्तम पेलतात, पण शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येणारा धक्का बॉल बेअरिंगसारखा झेलत नाहीत. त्या धक्क्याची सोय किटमध्ये कशी केली आहे ते घेण्याआधी विचारा. तिसरा, सगळ्यात महाग मार्ग आयएमएस सोल्युशनचा: बॉल बेअरिंग काढून साधं बेअरिंग बसवायचं आणि फिल्टरच्या घरातून वेगळ्या नळीने त्याला दाबाचं ऑइल द्यायचं. मेत्स्गर इंजिनाचंच तत्त्व हे. याला झिजणाऱ्या गोळ्याच नाहीत, म्हणून मुदतही नाही. पण ऑइल स्वच्छ लागतं, त्यासाठी सगळं ऑइल गाळणारा वेगळा फिल्टर अडॅप्टर सोबत येतो.

गाडी पाच-सहा वर्षं चालवून विकायची असेल तर सिरॅमिक किट पुरेसं. कायमची ठेवायची असेल तर सोल्युशन. सगळ्यात स्वस्त म्हणून साध्या औद्योगिक दुकानातून सीलबंद ६२०४ आणून ठोकणं हा मार्ग मात्र बाद. मूळचा दोषच परत बसवल्यासारखं आहे.

अमेरिकेत स्वतंत्र गॅरेजमध्ये क्लच आणि सीलसकट काम साधारण तीन ते पाच हजार डॉलरच्या घरात जातं. यातला मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा. म्हणूनच क्लच बदलायला आला की त्याच वेळी हे करून टाकावं, आणि उलटही.

बदलण्याचं काम, क्रमाने

गाडी लिफ्टवर किंवा चार भक्कम स्टँडवर हवी. बॉक्स्टरमध्ये गिअरबॉक्स इंजिनमागे असतो, मागे ओढून उतरतो. ९११ मध्ये इंजिन सगळ्यात मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. दोन्हीकडे गिअरबॉक्स निघाल्यावर इंजिन खाली झुकतं, त्याला आधीच खालून आधार किंवा वरून पट्टी लावा, नाहीतर कूलंटच्या आणि हवेच्या नळ्या ताणल्या जातात.

१. ऑइल काढा, फिल्टर कापून पुन्हा तपासा. इथे लोखंडी कपच्या दिसल्या तर काम थांबवायचं. पुढे याबद्दल वेगळं लिहिलं आहे.

२. बॅटरीची उणे तार काढा. गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवा. ड्युअल मास फ्लायव्हील दोन्ही हातांनी पिळून आणि हलवून बघा. फार सैल असेल तर नवं मागवा.

३. इंजिन पुलीच्या बाजूने बघताना फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवत पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) आणा आणि पुलीच्या खाचेतून पिन घालून लॉक करा. कॅमशाफ्टच्या टोकांवरची झाकणं काढली की खाचा दिसतात. पाच चेनच्या आणि तीन चेनच्या इंजिनांत कॅम लॉक करण्याची पद्धत वेगळी आहे: बॉक्स्टर २००२ पर्यंत आणि ३.४ लिटर ९९६ पाच चेनच्या, नंतरच्या तीन चेनच्या. आपल्या इंजिनाचं टूल लावा, आणि वर रंगाच्या खुणाही करून ठेवा. काढलेली झाकणं पुन्हा वापरायची नसतात.

४. आता, आणि लॉक लावल्यानंतरच, तिन्ही चेन टेन्शनर सोडा. दोन कॅमच्या चेनचे, एक क्रँक आणि इंटरमिजिएट शाफ्टमधल्या चेनचा. ते एकमेकांसारखे दिसले तरी सारखे नसतात. प्रत्येकावर चिठ्ठी लावा. इथून पुढे टेन्शनर परत बसेपर्यंत इंजिन तसूभरही फिरवायचं नाही. चेनने दात सोडण्याचे बहुतेक प्रकार याच टप्प्यावर होतात.

५. झाकणाचे तीन बोल्ट एकेक काढून त्या भोकांत किटबरोबरचे सेट स्क्रू हलक्या हाताने बसवा. ते शाफ्टच्या दातेरी चक्राला टेकून शाफ्ट जागेवर धरतात. ताकद लावली तर चक्र वाकडं होतं किंवा आटे जातात. पद्धत किटगणिक थोडी बदलते, हातात आहे त्या किटच्या कागदाप्रमाणे चाला.

६. मधला नट काढा, झाकण पुलरने सरळ बाहेर ओढा. बोल्टाला घाई केली तर तो मोडू शकतो. झाकण निघताच शाफ्ट चेनच्या ओढीने थोडा एका बाजूला सरकणं साहजिक आहे.

७. दुहेरी रांगेच्या बेअरिंगला बाहेरून सर्कलिप असतो, तो आधी काढा. एकेरीत तारेची रिंग खाचेत बसलेली असते, पुलर ओढताना ती मोठा 'टक्' आवाज करून सुटते. तो आवाज ऐकून हात मागे घेऊ नका, हेच अपेक्षित आहे. हातोडा आणि पहार यांचा इथे काही संबंध नाही, आयएमएससाठीचाच पुलर लागतो.

८. बेअरिंग निघाल्यावर पोकळ शाफ्टमधून बरेचदा काळं, कुबट वासाचं ऑइल सांडतं. सील कधीच गळायला लागले होते त्याचा हा पुरावा. सगळं निथळू द्या, आतली जागा पुसून कोरडी करा. काढलेलं बेअरिंग बोटाने फिरवा. खरखर, अडकणं किंवा हलल्यासारखं वाटणं जाणवलं, गोळ्यांवर खड्डे दिसले किंवा सीलचा तुकडा गायब असला, तर तो तुकडा आणि बाकीचा चुरा कुठे गेला याचा शोध लागेपर्यंत नवं बेअरिंग डब्यातच ठेवा.

९. नवं बेअरिंग काही तास फ्रीझरमध्ये ठेवलं तर बसायला सोपं जातं. किटच्या ड्रिफ्टने (ठोकून बसवायच्या दांड्याने), फक्त बाहेरच्या रिंगवर दाब पडेल असं, सरळ आत न्या. आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांनी रिंगवर खुणा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून जखमी होतं. लॉक रिंग खाचेत पूर्ण बसली आहे का ते टॉर्चने बघा.

१०. नवं झाकण, नवी ओ-रिंग. शाफ्ट मधोमध आला तरच झाकण सहज सरकतं. बोल्ट आवळून ते ओढून घेण्याचा मोह टाळा, झाकणाला तडा जातो. तीन बोल्टांची भोकं थेट इंजिनच्या आत उघडतात, म्हणून सीलंट लावलेले नवेच बोल्ट घ्या, आटे ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवा आणि १० न्यूटन मीटरला आवळा. जुनेच बोल्ट परत लावले की सहा महिन्यांत गळती ठरलेली. मधल्या नटाचा टॉर्क प्रत्येक किटचा वेगळा असतो.

११. टेन्शनर नव्या वायसरसह, ८० न्यूटन मीटर. मग सगळी लॉक काढा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा टीडीसीवर आणा. कॅमच्या खाचा पहिल्या जागी आल्या पाहिजेत. मला विचाराल तर आणखी दोन फेरे फिरवून पुन्हा बघा. फिरवताना कुठे घट्ट अडकलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. खाचा जुळत नसतील तर स्टार्टरला हात लावायचा नाही, परत पायरी ३ पासून.

इतकं उघडलंच आहे तर

क्रँकचं मागचं सील बदलाच. नवं सील पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) असतं आणि ते कोरडंच बसवायचं. सवयीने ऑइल लावलं की ते गळतं. किती आत जायला हवं ते ठरवणारं टूल असतं, भाड्याने मिळालं तरी घ्या. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे. ऑइल-एअर सेपरेटर (इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणारा भाग) बॉक्स्टरमध्ये याच वेळी सहज हाताशी येतो, आणि तो फाटला की इंजिन धुराचे लोट सोडतं, म्हणून जुना असेल तर तोही. वॉटर पंपाचं काम वेगळ्या बाजूचं आहे, पण प्लास्टिकच्या पंख्याचा जुना पंप असेल तर त्याचा नंबर लवकरच लागणार हे ध्यानात असू द्या.

मोठं बेअरिंग असेल तर

२००६ नंतरच्या गाडीत झाकणाच्या मधे २२ चा नट दिसला की बेअरिंग बदलण्याचा विचार सोडा. त्यासाठी इंजिन उघडावं लागतं, आणि चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचे दोन भाग करण्याइतका धोका या बेअरिंगात नाही. क्लच बदलताना वरच्याच पद्धतीने टीडीसीवर लॉक करून, टेन्शनर सोडून झाकण काढायचं, बेअरिंग बोटाने तपासायचं, आणि ते गुळगुळीत फिरत असेल तर बाहेरचं रबरी सील बारीक हुकने अलगद उचलून काढून टाकायचं. मग इंजिनचं ऑइल आत पोचत राहतं. सील ओढताना गोळ्यांच्या पिंजऱ्याला टोक लागू देऊ नका, आणि सील अखंड निघालं ना ते टेबलावर ठेवून तपासा.

सुरू करणं आणि पुढची काळजी

ऑइल पोर्शच्या ए४० मान्यतेचं, इंजिनानुसार साधारण ८ ते ९ लिटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या, जास्त भरणंही वाईट. ड्रेन प्लग ५० न्यूटन मीटर, फिल्टरची टोपी २५. पहिल्यांदा फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दहा-पंधरा सेकंद स्टार्टर फिरवा, ऑइलचा दाब आला की फ्यूज लावून सुरू करा. टेन्शनरमध्ये ऑइल भरेपर्यंत थोडी खडखड होईल. ती काही सेकंदांत थांबली नाही तर बंद करा. गरम झाल्यावर कॅम डेव्हिएशन पुन्हा वाचा आणि कामाआधीच्या आकड्यांशी ताडून पाहा.

पहिलं ऑइल आणि फिल्टर ८०० किलोमीटरला बदला, फिल्टर कापून बघा. नंतर दर ८,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. कंपनीने दिलेली लांबलचक मुदत विसरा. गाडी चालवताना इंजिन गरम होईपर्यंत सौम्य, त्यानंतर २,५०० आरपीएमच्या खाली वरच्या गिअरमध्ये रेटायची नाही. ड्रेन प्लगमध्ये बसणारा, कपच्या चिकटल्या की दिवा पेटवणारा सेन्सरही मिळतो. तो बेअरिंग वाचवत नाही, इंजिन वेळेवर बंद करायची संधी देतो.

लोखंडी चुरा सापडला तर

अशा इंजिनात कुठलंही नवं किट बसवू नका, गॅरेजवाला कितीही म्हणाला तरी. चुरा ऑइलच्या वाटांतून क्रँकच्या बेअरिंगांत, कॅमच्या घरांत आणि टेन्शनरमध्ये गेलेला असतो. ऑइल दोनदा-तीनदा बदलून तो धुऊन निघत नाही. नवं बेअरिंग त्याच चुऱ्यात फिरतं, आणि साधं बेअरिंग तर त्याहून लवकर जातं. चांगल्या किटच्या सूचनाही अशा इंजिनात ते बसवायला मनाई करतात.

गाडी अजून विक्रेत्याची असेल तर चाव्या परत करा. तुमची असेल तर पर्याय तीन. इंजिन पूर्ण उघडून, धुऊन, क्रँकची बेअरिंगं आणि ऑइल पंप बदलून पुन्हा बांधणं, हा सगळ्यात महाग पण खात्रीचा. दुसरा, तपासून घेतलेलं वापरलेलं इंजिन. त्याचा नंबर, त्यातलं बेअरिंग आणि सिलिंडरच्या भिंती या तिन्ही गोष्टी गाडीत चढवण्याआधी बघा, आणि इंजिन बाहेर असतानाच त्यात किट बसवा. तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याची वेगळी मजुरी लागत नाही. तिसरा, गाडी आहे त्या स्थितीत, फिल्टरचे फोटो दाखवून, सुट्या भागांच्या भावात विकणं. ९८६ चं चांगलं छप्पर, सीटा, गिअरबॉक्स आणि चाकं यांना गिऱ्हाईक मिळतं, आणि खराब इंजिनही पुन्हा बांधणारे लोक केससाठी घेतात. त्यासाठी एक अट: चुरा सापडला त्या दिवसानंतर ते इंजिन एकदाही सुरू करू नका. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह, पिस्टन आणि कधी केसही जाते, आणि मग विकण्यासारखं फारसं काही उरत नाही.